चार बोटं जागा

अथर्वचा फोन हल्ली रोज संध्याकाळी येतो. अथर्व म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. पुण्यात असतो. बिरवाडीच्या आमच्या घरामागे ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडून असलेली माझ्या वडिलांची, आबांची गाडी त्याने गेल्या वर्षी ट्रकवर घालून नेली आणि आता तिला पुन्हा उभी करतो आहे. पत्रा झाला, रंग झाला, काम आता चाकांपाशी येऊन अडलं आहे. तारांची घ्यायची की भरीव, उंच घ्यायची की बुटकी, टायर किती रुंद, हे सगळं त्याला माझ्याकडून हवं असतं. "आत्या, तूच तेव्हा निवडली होतीस ना?" असं विचारतो आणि फोनवर चाकांचे फोटो पाठवत राहतो. मी चष्मा शोधते, फोटो बघते, हो हो म्हणते. खरं सांगायचं तर त्या गाडीच्या चाकांचा विषय निघाला की मला थकवा येतो. गुडघ्यांचा नव्हे, तो तर रोजचाच आहे. हा वेगळा. फोन ठेवताना तो न चुकता म्हणतो, "आजोबांनी स्वतः चालवत देवळापर्यंत नेलेली गाडी आहे ही, चाकं तशीच भारी पाहिजेत." त्या एका वाक्यासाठी हे लिहायला बसले आहे.

आमचं घर म्हणजे पुढे आईची खानावळ आणि मागे आबांची शेड, मध्ये आम्ही; धाकटा भाऊ शिकायला मामाकडे, सुट्टीपुरताच यायचा. बिरवाडीत खोल्या घेऊन राहणारी कारखान्यांतली माणसं आईकडे जेवायची. पहिल्या पाळीची माणसं निघायच्या आधी तांदळाच्या भाकऱ्यांची चळत तयार लागायची, म्हणून सकाळी मला जाग यायची ती आईच्या हातावरच्या भाकरीच्या थापांनी. आबा स्वतः एका कारखान्यात फिटर होते. पाळी संपवून आले की चहा पिऊन मागे जायचे आणि मग पत्र्यावर लाकडी हातोड्याचे ठोके सुरू व्हायचे. पुढे वालाच्या बिरड्याला फोडणी, मागे ठोके. जेवणारी माणसं पहिल्या पहिल्यांदा दचकायची, मग त्यांना सवय झाली. सुकटीचा वास, वेल्डिंगचा वास आणि भिजवून सोललेल्या वालांचा हिरवट वास असे तिन्ही वास आमच्या कपड्यांना एकदमच यायचे, आणि शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी त्यावरून मला पुष्कळ बोलून घ्यायची.

गाडी सुरू झाली ती एका कॅलेंडरच्या चित्रावरून. विलायतेतली जुनी शर्यतीची गाडी, दोन माणसांची, छप्पर नसलेली, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. तरुणपणी मुंबईत एका गॅरेजात आबा काम करत तेव्हा तशी एक गाडी दुरुस्तीला आली होती आणि मालकाने त्यांना तिच्यात एकदा बसू दिलं होतं. बसूच दिलं, चालवू नाही दिलं. तेवढ्यावर हा माणूस सात वर्षं पत्रा ठोकत बसला. खाली भंगारातल्या जीपची चौकट, इंजिन जुन्या टॅक्सीचं आणि वर हाताने घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. चित्रात गाडीची डावी बाजूच दिसत होती. उजवी बाजू कशी असेल यावर आबांनी आणि मी दोन पावसाळे वाद घातला. शेवटी आईचा आरसा चित्राशेजारी उभा धरून त्यांनी ती बाजू काढली, आणि तो आरसा त्या दिवसापासून शेडमध्येच राहिला. आई तेव्हापासून ताटलीत बघून कुंकू लावायला लागली, पण बोलली काही नाही. बोलण्याइतकी उसंत तिला नव्हतीच. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे आणि तिचं ते न बोलणं मला आता जास्त ऐकू येतं.

मी बारावी होऊन घरीच होते तेव्हा आबांचे डोळे गेले. गेले म्हणजे एकदम नव्हे. पुढे ठेवलेलं ताट दिसायचं, ताटाशेजारचा तांब्या दिसायचा नाही. दारातून जाताना खांदा चौकटीला लागायचा. महाडला चवदार तळ्याजवळ डोळ्यांचे एक डॉक्टर बसायचे, त्यांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं किती दिवस राहील ते सांगता येत नाही. परतताना एस.टी.त आबा खिडकीला डोकं टेकून बसले होते. बिरवाडी जवळ आल्यावर म्हणाले, "दसऱ्याला गाडी गावाला नेयाची. मीच चालवणार. देवळाच्या पुढ्यात नेऊन हुबी करणार." आमचं गाव पोलादपूरच्या वर डोंगरात. आबांच्या लहानपणी तिथे डोक्यावरून ओझी नेत. त्या वर्षी पहिल्यांदाच देवळापर्यंत खडीचा रस्ता गेला होता. आबांची बाकी काही हौस नव्हती, ना कपड्यांची, ना खाण्याची. ती एक गोष्ट त्यांना डोळे असेपर्यंत करायची होती, आणि दसऱ्याला दोन महिने उरले होते.

गाडी तोवर चार लाकडी ओंडक्यांवर बसलेली. चाकंच नव्हती. आबांना चित्रातली तारांची चाकं हवी होती. नाते गावात कुणाच्या तरी गोठ्यात तसली चाकं पडली आहेत असं खानावळीतल्या एकाने सांगितलं म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलो. चाकं होती, पण चार नव्हे, दोन, आणि त्यातल्या एकात कोंबडी अंड्यांवर बसली होती. तारा हाताने दाबल्या तर मोडून हातात आल्या. आबांनी कोंबडीकडे बघून "बस बाय, बस," असं म्हटलं आणि आम्ही आल्या वाटेने परत आलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "आता तूच जा हसनकडं. मला भंगारात धड दिसत नाय. तुला बरी वाटतील ती आण."

हसनचाचांचं भंगार महाडच्या बाहेर हायवेला होतं. ते बाजेवर बसून टायरच्या ट्यूबचे पट्टे कापायचे. त्यांनी मला दोन जोड दाखवले. एक जीपची उंच, अरुंद, लोखंडी चाकं, वर नायलॉनचे टायर, रबर चांगलं, दिसायला बैलगाडीची धाकटी बहीण. दुसरी, अपघात झालेल्या कुणा टुरिस्ट गाडीची चकाकणारी मॅगव्हील, म्हणजे हलक्या धातूची चाकं, बुटकी आणि चांगली रुंद, वर रुंद रेडियल टायर. नट दोन्हींचे बसत होते. मी उन्हात उभी राहून बराच वेळ बघत राहिले. चित्रातली चाकं उंच आणि अरुंद होती हे मला दिसत होतं. जीपची चाकंच त्यांच्या जवळची होती हेही कळत होतं. पण सात वर्षं मी लोकांचं हसणं ऐकलं होतं. "पत्र्याची पोरगी" म्हणायचे मला. मला वाटलं, आमची गाडी रस्त्यावर येईल तेव्हा लोकांचे डोळे दिपले पाहिजेत. मी मॅगव्हीलवर हात ठेवला. हसनचाचा म्हणाले, "पोरी, रुंद हाय गो ती. मडगार्डच्या भायेर येल. आबाला इचार आदी." मी म्हटलं, आबांनीच सांगितलंय. त्यांनी मान डोलावली आणि स्टेपनी म्हणून जीपचं एक चाक वर टाकलं.

आबांनी चाकावरून तळवा फिरवला, कडेपासून कडेपर्यंत. "रुंद हाय," एवढंच म्हणाले. मला ते कौतुक वाटलं. मग चाकं चढवली, गाडी ओंडक्यांवरून खाली घेतली आणि मागच्या मडगार्डची कमान कापायचं काम राहिलं. पुढच्या कमानी आबांनी आधीच कापल्या होत्या, मागच्या चाकं आल्यावर कापायच्या म्हणून राखून ठेवल्या होत्या. आता त्यांना रेघ दिसत नव्हती. पत्रा कापायची कात्री त्यांनी माझ्या हातात दिली. पहिल्यांदाच दिली. "टायरच्या वर चार बोटं जागा ठेव. कमी नको." आबा कारखान्यात पट्टी आणि मापं घेऊन काम करत, पण घरात त्यांनी कधी टेप आणली नाही. टेप कारखान्याची, घरचं काम हाताने, असं त्यांचं होतं. वीत, मूठ, बोटं. मीही तशीच शिकले होते. टायरवर चार बोटं आडवी ठेवली, खडूने रेघ मारली आणि कापलं. काम इतकं स्वच्छ झालं की त्या रात्री जेवताना मी स्वतःच दोनदा त्याचा विषय काढला.

दसऱ्याच्या सकाळी दाराला झेंडूचं आणि भाताच्या नव्या लोंब्यांचं तोरण लागलं. आबांनी आदल्या दिवशी सगळी हत्यारं रॉकेलने पुसून ठेवली होती. ती पाटावर मांडली, हातोडे, कानशी, पाने, जॅक, ती कात्री. हळद-कुंकू, फुलं, नारळ. मग गाडीला हार घातला. आई पुरणपोळीचा नैवेद्य डब्यात भरत होती, ती म्हणाली, "अवो, पाना तरी घ्या संगती. वाटंत काय झालं तं?" आबा म्हणाले, "आज त्यांना हात लावायचा नाय. वरीसभर ती आपल्यासाठी राबतात. आज बसूं दे त्यांना." आमच्याकडे हे असंच होतं आणि आजही आहे. दसऱ्याला पाटावर मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी फुलं उतरवल्यावरच उचलायचं. आम्हां कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. गाडी पळवायची आणि हत्यारं घरी ठेवायची, हा शहाणपणा आमच्यासारख्यांनीच करावा.

आबा चालवायला, शेजारी आई नव्या लुगड्यात, आणि मी मागे, जिथे सामान ठेवतात त्या खोलगट जागेत स्टेपनीवर, मांडीत नैवेद्याचा डबा. बिरवाडीत लोक दारात आले. हायवेला लागल्यावर ट्रकवाले हॉर्न देत होते. माझे डोळे खरंच भरून आले होते, आणि आईने आबांच्या गुडघ्यावर हात ठेवलेला मी मागून पाहिला तेव्हा तर मी तिला चिडवलंसुद्धा. ती हसली नाही, सरळ पुढे बघत राहिली. पोलादपूर मागे टाकून आम्ही डोंगराच्या रस्त्याला लागलो. चढ आला, खड्डे आले आणि माझ्या अगदी खालून एक आवाज आला. कुणी तरी कानस ओढावी तसा, खड्ड्यागणिक एकदा. मला लगेच कळलं. रुंद टायर मडगार्डच्या कडेखाली येत होता आणि माझं वजन बरोबर त्याच्यावर होतं. चाक अरुंद असतं तर आतल्या आत सरकून गेलं असतं. मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वाटलं, एवढा चढ संपू दे, सपाटी आली की थांबेल. आबा पुढे वाकून, जीव एकवटून चालवत होते, आणि मला तो क्षण मोडायचा नव्हता, की स्वतःची चूक कबूल करायची नव्हती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. चार वळणं मी गप्प बसले. पाचव्या वळणाआधी रबराचा जळका वास आला आणि टायर फुटला.

गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. गाव अजून बरंच वर होतं. आबा उतरले, गाडीला हात लावत लावत मागे आले आणि फाटलेल्या रबरावरून बोटं फिरवली. मग दुसऱ्या बाजूला गेले, जिथला टायर अजून धड होता, आणि टायर आणि कमान यांच्या मधल्या फटीत स्वतःची चार बोटं आडवी घालायला लागले. तीन गेली. चौथं अडकलं. त्यांनी पुन्हा करून बघितलं. मग म्हणाले, "सुमन, हात आन इकडं." मी हात दिला. त्यांनी माझी चार बोटं धरून फटीत सरकवली. ती अलगद गेली. हातोड्याने आणि पत्र्याने जाडजूड झालेला त्यांचा हात माझ्या हातावर होता आणि दोन्ही हात मला एकदम दिसत होते. त्यांना ते दिसत होते की नाही कोण जाणे. "माजीच चूक," ते म्हणाले. "चार बोटं म्हनलो. कुनाची ते सांगतलंच नाय." मी रडायला लागले. चाकं मी का निवडली, आवाज केव्हा ऐकला, हे सगळं तोंडाशी आलं होतं, पण एवढंच म्हटलं, "आबा, पत्रा दोन बोटं कापला तर स्टेपनी बसंल." ते म्हणाले, "कात्री कुठं हाय?" कात्री बिरवाडीला पाटावर होती, झेंडूच्या फुलांखाली. आई रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली, डबा उघडला आणि आम्हां दोघांना तिथेच पुरणपोळी खायला लावली. देवाला न दाखवता ती पहिल्यांदाच खात होतो. चाकांखाली दगड लावून आम्ही खाली चालत आलो आणि एका टेंपोने घरी परतलो.

त्या संध्याकाळी चुलीपाशी आई मला हळूच म्हणाली, "बरं झालं फुटला." मी तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "त्यांना डाव्या अंगाचं काय बी दिसत नव्हतं गो. दरीकडं गेलं की मी गुडगा दाबत हुते. पोलादपुरापासनं दाबत हुते. हात भरून आला माजा." एवढं बोलून ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. म्हणजे सगळी वाट ती गाडी त्या दोघांनी मिळून चालवली होती, आणि मी मागे बसून चिडवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी स्वतः हत्यारांवरची फुलं उतरवली. कारखाने सुरू झाले होते, खानावळ चालू होती, आईला येता येणार नव्हतं. आम्ही दोघंच पहिल्या एस.टी.ने गेलो, डोंगराचा रस्ता लागला तिथून चालत वर. मी पत्रा कापला, या वेळी त्यांची बोटं ठेवून. दोन्ही बाजूंना. जीपची स्टेपनी चढवली. एक चाक उंच आणि तीन बुटकी, गाडी एका अंगाला कंबर वर काढून उभी राहिली. मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली, चालवायच्या बाजूचं दार उघडलं, तिथे हात ठेवून उभे राहिले. खाली दरीत भात पिवळा पडला होता. "तुजी आय नाय आज," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात परत ठेवून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

गाडी मी नेली. डोळे धड होते तेव्हा, मागून आणलेल्या एका जीपवर, कारखान्यांच्या मागच्या सपाट रस्त्यांवर आबांनीच मला शिकवलं होतं, घाट मी पहिल्यांदाच चढत होते. प्रत्येक वळणावर आबांचा उजवा पाय खाली दाबला जाई, तिथे ब्रेक नसताना. देवळाच्या पटांगणात पोचलो तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. दसरा झाला होता, माणसं कापणीला गेली होती, गुरवसुद्धा दिसत नव्हता. मी इंजिन बंद केलं. आबा म्हणाले, "उतर गो जरा. मला तितं बसूं दे." मी उतरले. ते गाडीला हात लावत फिरून आले, स्टिअरिंगमागे बसले, सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या. मग म्हणाले, "कुनी इचारलं तं मी आनली म्हन." आणि त्यांनी हॉर्न दाबला. दाबूनच धरला. खालच्या शेतांतून माणसं विळे हातात घेऊन धावत आली, पोरं आली, माझा थोरला काका आला आणि त्या सगळ्यांनी आबांना बघितलं ते असं, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेलं.

कुणी विचारलंच नाही. विचारण्यासारखं त्यात कुणाला काही दिसलं नाही. मी आजपर्यंत सगळ्यांना तेच सांगत आले, आबांच्या तेराव्याला सांगितलं, अथर्वला तो मांडीवर होता तेव्हापासून सांगितलं. आता गावाला जायचं तर माझ्याकडून तो चढ चढवत नाही, आणि ही एक गोष्ट जपून धरायचा मला कंटाळाही आला आहे. अथर्व, अरुंद घे, उंच घे, तारांची घे. जागा किती ठेवायची ते मापाच्या पट्टीने मोज, बोटांनी नको. माझी बोटंही आता सांध्यांशी सुजून त्यांच्याएवढी झाली आहेत. आणि गाडी तयार झाली की ती देवळापर्यंत तू चालवत नेशील. मी शेजारी बसेन. पटांगणात पोचल्यावर मात्र इंजिन बंद कर आणि थोडा वेळ खाली उतर. हॉर्न मी वाजवीन.